उशाशी असलेली पुस्तके : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

गेल्या अंकात मी अलीकडे वाचलेल्या काही कादंबऱ्यांविषयी आणि कॉमिक्सविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. मी समीक्षक नाही. दिवसाचे काम आटोपल्यावर तासभर वाचणारी हौशी वाचक आहे. त्यामुळे माझे एखादे मत पुस्तकातल्या कोणत्या पानामुळे झाले, तेवढे सांगण्याचा मी प्रयत्न करते. पान समोर असले की वाचकाला माझे मत खोडून काढणेही सोपे जाते. काही उत्तरांत कथेचा शेवट आला आहे, हे ज्यांनी ती पुस्तके अजून वाचलेली नाहीत त्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : आर्ट स्पीगलमन यांचे ‘माउस’ हे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचे कॉमिक मी दोन संध्याकाळींत संपवले. इतक्या भयंकर विषयावरचे, इतके नावाजलेले पुस्तक एवढ्या लवकर हातावेगळे झाले, याची मला जवळजवळ लाज वाटली. मी ते खरोखर वाचले, असे म्हणता येईल का? शिवाय माणसांच्या संहाराची हकीकत उंदीर-मांजरांच्या रूपात सांगणे मला शेवटपर्यंत खटकत राहिले.

उत्तर : लाज वाटण्याचे काही कारण नाही. मीही ते पहिल्यांदा असेच भराभर वाचले होते, कारण पुढे काय झाले याची ओढ थांबू देत नव्हती. फक्त तेव्हा मी संवादांच्या फुग्यांतला मजकूर वाचला आणि चित्रांवरून नजर फिरवली; चित्रे वाचायची राहूनच गेली. ‘माउस’ 1980 ते 1991 या काळात ‘रॉ’ या नियतकालिकातून क्रमशः येत होते, त्याचा पहिला खंड 1986 मध्ये आणि दुसरा 1991 मध्ये पुस्तकरूपाने निघाला, आणि 1992 मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. इतकी वर्षे ज्या चौकटींवर काम चालले होते, त्या आपण एका संध्याकाळी शंभराच्या हिशेबाने उलटतो. त्यामुळे पुस्तक संपले तरी वाचून झालेले नसते, एवढेच.

एक चौकट दाखवते. पहिल्या खंडाच्या उत्तरार्धात लेखकाचे वडील व्लादेक आणि आई आन्या लपण्याची जागा गमावून रस्त्यावर येतात. कुठे जावे हे त्यांना कळत नाही. दोघे एका चौरस्त्याशी पाठमोरे उभे आहेत आणि समोर वाटा फुटल्या आहेत. पहिल्या वाचनात मला ते एक उजाड दृश्य वाटले होते. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा लक्षात आले की त्या वाटा मिळून स्वस्तिकाचा, म्हणजे नाझींच्या चिन्हाचा आकार तयार होतो. कोणत्याही वाटेने गेले तरी ती त्या चिन्हाचाच एक हात आहे. मजकुरात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. हेच कादंबरीत लिहायचे म्हटले असते तर लेखकाला एखादी उपमा वापरावी लागली असती, आणि ती उपमा बहुधा ठसठशीत, बटबटीत झाली असती. येथे ती पायाखाली आहे, आणि त्यावरून चालणाऱ्यांना ती दिसत नाही.

आता प्राण्यांविषयी. तुमचे खटकणे मला योग्य वाटते, आणि लेखकालाही ते अपेक्षित असावे, असे पुस्तकच सुचवते. ज्यू उंदीर, जर्मन मांजर आणि पोलिश डुक्कर ही विभागणी पहिल्या काही पानांत ठाम वाटते. पुढे मात्र लेखक स्वतःच ती उसवत जातो. व्लादेक आणि आन्या पोलिश असल्याचे भासवून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर डुकराचा मुखवटा आहे, आणि मुखवट्याची दोरी डोक्यामागे बांधलेली स्पष्ट दिसते. एके ठिकाणी व्लादेकची शेपटी कोटाखाली झाकली गेली आहे, पण आन्याची लांबलचक शेपटी मागे लोंबते आहे, म्हणजे तिचा चेहरामोहरा पाहून कोणीही तिला ओळखील. ती भीती मला कोणत्याही वर्णनापेक्षा त्या शेपटीने अधिक जाणवून दिली. दुसऱ्या खंडात तर लेखक स्वतः टेबलाशी बसलेला दिसतो. तो आता उंदीर नाही. उंदराचा मुखवटा लावलेला माणूस आहे आणि त्याच्या टेबलाखाली प्रेतांचा ढीग पडला आहे. माणसांना जातीजमातींत वाटून टाकणारी दृष्टी मुळात नाझींची होती. लेखकाने ती उचलून घेतली आणि तिचे टाके दाखवले, असे माझे मत आहे. पोलिश लोकांना डुक्कर केल्याबद्दल अनेक पोलिश वाचकांना वाईट वाटले, आणि त्यांचे दुःख मी नाकारणार नाही. ती निवड मलाही आजपर्यंत पूर्णपणे पटलेली नाही.

पुन्हा वाचाल तेव्हा व्लादेकच्या बोलण्याकडेही लक्ष द्या. अमेरिकेत म्हातारपणी तो मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो, पण जुन्या पोलंडमधल्या प्रसंगांत त्याचे संवाद सफाईदार आहेत, कारण तिथे तो आपल्या भाषेत बोलतो आहे. पहिल्या खंडाचा शेवट मात्र सावकाश वाचण्याची आठवण करून द्यावी लागत नाही. आन्याने आत्महत्या केल्यानंतर तिच्या डायऱ्या आपणच जाळून टाकल्या, हे व्लादेक कबूल करतो आणि मुलगा बापाला खुनी म्हणून निघून जातो. छळछावणीतून वाचून आलेल्या माणसाला त्याचाच मुलगा हा शब्द वापरतो, आणि त्या क्षणी मला दोघांचेही म्हणणे कळत होते. या पुस्तकाविषयी माझे जे काही मत आहे, ते त्या एका पानावर उभे आहे.

प्रश्न : कॉमिक आणि ग्राफिक कादंबरी यांत नेमका फरक काय? ग्राफिक कादंबरी म्हटले की लोक आदराने बघतात, आणि कॉमिक म्हटले की हसतात.

उत्तर : बराचसा फरक बांधणीचा आणि विक्रीचा आहे. विल आइस्नर यांच्या ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ या 1978 च्या पुस्तकामुळे ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा रुळली, पण ती त्याआधीही वापरात होती. शिवाय ते पुस्तक म्हणजे एक सलग कादंबरी नसून चार कथा आहेत. ‘वॉचमेन’ आधी बारा सुट्या अंकांच्या रूपात आले आणि नंतर एकत्र बांधल्यावर त्याला कादंबरी म्हणू लागले. आतले एक चित्रही बदलले नव्हते. मी दोन्हींना कॉमिक म्हणते आणि त्यात मला कोणताही कमीपणा दिसत नाही.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे फक्त कादंबऱ्या वाचत आलो आहे. मुलीच्या आग्रहामुळे मार्जान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ हे स्वतःच्या इराणमधल्या लहानपणावरचे कॉमिक वाचले. आवडले, परंतु एक उणीव जाणवली. कादंबरीत माणसाच्या मनात शिरता येते. कॉमिकमध्ये आपण बाहेर उभे राहून पाहत राहतो. माझे हे मत चुकीचे आहे का?

उत्तर : चुकीचे म्हणणार नाही, पण अपुरे आहे असे मला वाटते. मनातला विचार कसा वळतो, अडखळतो आणि मध्येच दुसऱ्याच गोष्टीकडे जातो, हे दाखवण्यात कादंबरीचा हात धरणारे कोणी नाही, यावर आपले एकमत आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘टू द लाइटहाउस’ (1927) मी या पावसाळ्यात वाचली. तिचा पहिला भाग एका दुपारचा आणि संध्याकाळचा आहे, आणि त्या थोड्या तासांत आपण मिसेस रॅमझी यांच्या मनात इतका वेळ राहतो की त्यांचे विणकाम, मुलांविषयीची काळजी, नवऱ्याशी न बोलता चाललेले बोलणे हे सारे आपल्या घरचे होऊन जाते. एवढे कोणत्याही चौकटीत मावले नसते.

तरीही त्याच कादंबरीतले मला सर्वांत जास्त लागलेले ठिकाण मनाच्या आत नाही. मधल्या भागात दहा वर्षे थोड्याच पानांत निघून जातात. रिकाम्या घरात वारा, धूळ आणि ओल यांचे वर्णन चाललेले असते, आणि मध्येच एका कंसात आपल्याला कळते की मिस्टर रॅमझी यांनी एका काळोख्या पहाटे हात पुढे केले, पण आदल्या रात्री मिसेस रॅमझी अचानक वारल्यामुळे ते हात रिकामेच राहिले. ज्या बाईच्या मनात आपण इतका वेळ घालवला, तिचे मरण पोटवाक्यात उरकले जाते. मी ते वाक्य ओलांडून पुढे गेले होते, मग थांबले आणि परत मागे आले. आपण काही चुकीचे तर वाचले नाही ना, असे वाटून पुन्हा वाचले. लेखिकेने येथे मनात शिरणे मुद्दाम टाळले आहे, आणि ती रिकामी जागा वाचकालाच भरावी लागते.

आता ‘पर्सेपोलिस’ उघडून इराण-इराक युद्धातला तो प्रसंग पाहा, ज्यात क्षेपणास्त्र शेजारच्या घरावर पडते. मार्जान आईबरोबर ढिगाऱ्याजवळून जात असते. तिला आपल्या मैत्रिणीचे कंकण दिसते, आणि ते कंकण अजून हातातच आहे. नंतरच्या चौकटीत ती तोंडावर हात घेते, आणि प्रकरणाची शेवटची चौकट पूर्ण काळी आहे. या पुस्तकात करड्या रंगाची एकही छटा नाही. सगळे ठाशीव काळे आणि पांढरे आहे. त्यामुळे तोवर काळा रंग केसांचा, बुरख्याचा, रात्रीचा होता. त्या चौकटीत तो कशाचाच राहत नाही. आपण त्या क्षणी मार्जानच्या बाहेर उभे आहोत, असे तुम्हाला खरोखर वाटले का? मला तर तिचे मिटलेले डोळे माझेच वाटले.

स्कॉट मॅक्‌क्लाउड यांनी 1993 साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे पुस्तक काढले, आणि तेही कॉमिकच्याच रूपात आहे. त्यात त्यांनी एक साधे उदाहरण दिले आहे. एका चौकटीत एक माणूस दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारतो. पुढच्या चौकटीत रात्रीचे शहर दिसते आणि एक किंकाळी ऐकू येते. घाव कोठेही काढलेला नाही. तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत पडतो, आणि तो घालणारा वाचकच असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. वुल्फ यांच्या कंसानंतरची जागा आणि सत्रापी यांची ती काळी चौकट मला सख्ख्या बहिणींसारख्या वाटतात. तुम्ही कादंबरीचे जाणते वाचक आहात, म्हणजे गाळलेल्या जागेत थांबण्याची सवय तुम्हाला आधीपासून आहे. ती सवय कॉमिकच्या पानावर वापरून पाहा आणि मग उणीव किती उरते ते मला जरूर कळवा. मुलीला माझे धन्यवाद सांगा.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही ‘वॉचमेन’विषयी लिहिताना ते घड्याळासारखे अचूक पण थंड आहे, असे म्हटले होते. मला तुमच्या या मताचे आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला. वर्तमानपत्र विकणाऱ्या त्या माणसाला तुम्ही विसरलात का?

उत्तर : होय, विसरले होते. तुमचे पत्र आल्यावर मी बाराही भाग पुन्हा वाचले, आणि माझे मत मी अर्धे मागे घेते.

अचूकपणाविषयी मी जे म्हटले ते कायम आहे. अ‍ॅलन मूर यांची कथा आणि डेव्ह गिबन्स यांची चित्रे असलेले हे काम 1986 आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची बहुतेक पाने तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींच्या जाळीवर बांधलेली आहेत, आणि पाचव्या प्रकरणात तर पानांची रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, आणि प्रकरणाच्या मध्यावर समोरासमोरची दोन पाने एकमेकांची प्रतिबिंबे होतात. मी मागच्या वेळी हे शोधून काढण्यात इतकी गुंतले होते, की त्या जाळीच्या एका कोपऱ्यात काय चालले आहे याकडे माझे दुर्लक्ष झाले.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक वृद्ध माणूस वर्तमानपत्रे विकतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जगाचे काय होणार ते ऐकवत राहतो. त्याच्या शेजारी एक मुलगा जमिनीवर बसून चाच्यांची गोष्ट असलेले कॉमिक फुकट वाचत असतो. दोघांचे फारसे पटत नाही. मुलगा धड ऐकत नाही आणि म्हातारा धड गप्प बसत नाही. मुख्य कथेतले मुखवटाधारी नायक आपापल्या मोठ्या प्रश्नांत असताना हे दोघे अधूनमधून दिसतात, आणि दोघांचेही नाव बर्नार्ड आहे हे त्यांना कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी पांढरा प्रकाश पसरू लागतो. म्हातारा मुलाला आपल्या अंगाखाली घेतो. दोघांच्या आकृतींच्या कडा एकमेकींत मिसळतात, मग विरघळतात, आणि उरते ती कोरी चौकट.

ज्या काटेकोरपणाला मी थंड म्हटले होते, त्यामुळेच हे दृश्य इतके भिनते, हे मला आता दिसते. अकरा प्रकरणे चौकटी ठाम काळ्या रेषांनी आखलेल्या आहेत, म्हणून त्या रेषांतले सगळे पुसले जाते तेव्हा आपला श्वास अडकतो. माझी उरलेली अर्धी तक्रार मात्र तशीच आहे. पुस्तकातल्या स्त्रियांना या काटेकोरपणाचा तेवढा लाभ झालेला नाही; लॉरी या नायिकेच्या वाट्याला बहुतेक वेळ कोणाची तरी मुलगी किंवा कोणाची तरी सोबतीण होणे येते, आणि तिचे स्वतःचे काय म्हणणे आहे हे मंगळावरच्या प्रकरणाखेरीज फारसे ऐकू येत नाही. याविषयी तुम्हाला राग आला तर पुन्हा लिहा, मी पुन्हा वाचीन.

प्रश्न : जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ तीनदा सुरू केली आणि तीनदा दोनशे पानांच्या आसपास सोडली. न आवडणारी कादंबरी हट्टाने पूर्ण करावी का?

उत्तर : न आवडणारी कादंबरी खुशाल सोडावी. परंतु जी कादंबरी आपण तीनदा पुन्हा हातात घेतो, ती न आवडणारी आहे असे मला वाटत नाही. कदाचित तुमची गती चुकत असेल. ही कादंबरी 1871 आणि 1872 मध्ये आठ भागांत निघाली, आणि पहिल्या वाचकांना दोन भागांच्या मध्ये महिना-दोन महिने वाट पाहावी लागे. त्या काळात गावातल्या माणसांविषयी बोलावे तसे ते पात्रांविषयी बोलत असतील, चुकीचे अंदाज बांधत असतील. आजच्या आवृत्त्यांतही हे आठ भाग वेगळे छापलेले असतात. एक भाग वाचून पुस्तक बंद करा, मध्ये दुसरे काहीतरी वाचा आणि पुढच्या महिन्यात पुढचा भाग उघडा. मी ती अशीच पूर्ण केली.

दुसरे असे, की दोनशे पानांवर तुम्ही बहुधा डोरोथियाच्या लग्नाला कंटाळला असाल. कॅसॉबन हा तिचा वयस्क, शुष्क, कधीच पूर्ण न होणाऱ्या ग्रंथात बुडालेला नवरा कोणालाही नकोसा वाटतो. थोडे पुढे, एकोणतिसाव्या प्रकरणाच्या आरंभी, निवेदिका डोरोथियाविषयी वाक्य सुरू करते आणि मध्येच तोडून विचारते, की नेहमी डोरोथियाच का? या लग्नात तिचीच बाजू तेवढी होती का? आणि मग ती त्या नकोशा माणसाच्या बाजूला जाऊन उभी राहते. त्याच्या मनातला धाक, आपल्या विद्वत्तेविषयीची गुप्त शंका आणि सुखी होण्याची क्षमताच नसल्याचे दुःख ती दाखवते, आणि तोवर ज्याचा मला राग येत होता त्याच्याविषयी मला कणव वाटू लागली. कादंबरीने माझ्याशी असे वागावे, याहून अधिक मी तिच्याकडे काही मागत नाही. निदान त्या पानापर्यंत जा. तिथेही काही झाले नाही तर पुस्तक एखाद्या स्नेह्याला देऊन टाका.

प्रश्न : माझ्या मित्राने एका कादंबरीचा शेवट सांगून टाकला आणि माझी वाचण्याची इच्छाच गेली. शेवट माहीत असताना वाचण्यात काय अर्थ उरतो?

उत्तर : रहस्यकथा असेल तर मित्राने अन्याय केला, यात वाद नाही. इतर कादंबऱ्यांत मात्र शेवट कळल्याने वाचनाचा प्रश्न बदलतो. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ (1981) या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात सांतियागो नासार मारला जाणार आहे हे सांगून टाकले आहे. तो मरतो का, हा प्रश्न तिथेच संपतो. मारणार हे जवळजवळ साऱ्या गावाला ठाऊक असताना कोणी अडवले कसे नाही, हा प्रश्न मात्र शेवटच्या पानापर्यंत वाढत जातो.

याहून वेगळा अनुभव मला विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ पुन्हा वाचताना आला. ती 1939 साली प्रसिद्ध झाली. युरोपातून येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा यांची भेट होते. हॅर्टा जर्मनीतून बाहेर पडावे लागलेली ज्यू तरुणी आहे, आणि बोटीवर तिच्यासारखे अनेक निर्वासित आहेत. पुढच्या सहा वर्षांत त्यांच्या आप्तांचे काय होणार होते, हे लिहिताना लेखकालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. त्यामुळे बोटीवरच्या कोणी सहज मागे राहिलेल्या माणसांचा विषय काढला, की आज वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ‘माउस’बरोबर ती एकाच आठवड्यात वाचली म्हणून हे मला अधिक तीव्रतेने जाणवले असेल, पण हा शेवट मला कोणी आधी सांगितला नसता तर ती कादंबरी मी आज वाचते तशी वाचूच शकले नसते. तुमच्या मित्राला माफ करा आणि कादंबरी वाचून टाका.

प्रश्न : केइजी नाकाझावा यांचे ‘बेअरफूट गेन’ मी भाषांतरातून वाचायला घेतले. आधी मला ते कोणत्या बाजूने वाचायचे हेच कळेना. कळल्यावर दुसरी अडचण आली : अणुबॉम्बसारखा विषय आणि चेहरे मात्र लहान मुलांच्या कॉमिकसारखे, डोळे मोठे, हावभाव टोकाचे. गांभीर्य कमी होते, असे वाटले.

उत्तर : वाचण्याच्या दिशेचे आधी सांगते. जपानी मांगा (म्हणजे तिकडचे कॉमिक) उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. आपल्याला जे मागचे मुखपृष्ठ वाटते तिथून आरंभ करायचा, प्रत्येक पानावर उजवीकडच्या वरच्या चौकटीपासून निघायचे, आणि एका चौकटीत दोन फुगे असतील तर उजवीकडचा आधी वाचायचा. पूर्वी भाषांतर करताना पाने आरशातल्यासारखी उलटी छापत. त्यामुळे वाचकाची सोय होई, पण उजव्या हाताने काम करणारे पात्र डावखुरे होऊन बसे. आता बहुतेक प्रकाशक मूळची दिशा ठेवतात. वीस-पंचवीस पानांनंतर डोळ्यांना सवय होते; मला तरी त्यानंतर दिशेचा विचार करावा लागला नाही.

चेहऱ्यांविषयीची तुमची तक्रार मीही काही पाने मनात बाळगली होती. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते आणि शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकून आगीत गेले. हे काम त्यांनी 1973 मध्ये मुलांच्या साप्ताहिकातून सुरू केले, म्हणजे ती मुलांच्या कॉमिकची चित्रशैली त्यांनी कोणासाठी वापरली हे उघड आहे. बॉम्ब पडला तेव्हा ते मूल होते, आणि मुलांसाठीच ते काढत होते. बॉम्ब पडण्याआधीच्या बऱ्याच पानांत भावंडांची भांडणे, भूक, चोरून खाणे आणि युद्धाला विरोध करणाऱ्या वडिलांमुळे घरावर येणारी संकटे आहेत. गोल चेहऱ्याची ही खोडकर पोरे आपल्या अंगवळणी पडतात, आणि मग त्याच शैलीत, त्याच जाड रेषेत गेन या मुलाच्या डोळ्यांसमोर घर पेटते. चित्रकाराने या क्षणी शैली बदलून गंभीर केली असती, तर वाचकाला सावध व्हायला वेळ मिळाला असता. तो वेळ त्या मुलाला मिळाला नव्हता. मला ते पान पुढे उलटवेना, आणि ते पुस्तक दुसऱ्या दिवशीच पुन्हा हातात घेतले.

शैलीने गांभीर्य कमी होते, हे मत तुम्ही पहिला खंड संपल्यावरही कायम ठेवलेत तर मी ते मान्य करीन, पण मधूनच सोडू नका.

प्रश्न : माझ्या आईला वाचनाची फार आवड आहे, परंतु आता वयोमानाने बारीक अक्षर वाचवत नाही. ऐकण्याची पुस्तके तिला रुचत नाहीत. पुस्तक हातात हवे, असे ती म्हणते. कॉमिक्सचे फुगे तर आणखी बारीक असतात. काही सुचवाल का?

उत्तर : शॉन टॅन यांचे ‘द अरायव्हल’ (2006) आईंच्या हातात द्या. त्यात वाचावा लागेल असा एकही शब्द नाही. मऊ पेन्सिलीने काढलेली, जुन्या छायाचित्रांसारख्या तपकिरी छटांची चित्रे आहेत आणि पुस्तकाचा आकारही मोठा आहे. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परक्या देशात जातो, एवढीच गोष्ट. त्या देशातल्या पाट्या, कागदपत्रे आणि नकाशे चित्रकाराने स्वतः कल्पिलेल्या लिपीत काढले आहेत, म्हणून जगातला कोणताही वाचक त्या माणसाइतकाच निरक्षर होतो. वाचता येत असूनही अक्षर हातातून निसटणे म्हणजे काय, हे तुमच्या आईंना आपल्यापैकी कोणाहीपेक्षा चांगले कळेल, आणि म्हणूनच मी हे पुस्तक सुचवण्याआधी क्षणभर थांबले होते. पण ते दुखावणारे नाही. त्यातली अनोळखी माणसे त्या प्रवाशाला मदत करतात, आणि प्रत्येकाची आपली एक गोष्ट असते.

समुद्रप्रवासाच्या जागी एक जोडपान येईल. त्यात लहान लहान चौकटींच्या रांगा आहेत आणि प्रत्येक चौकटीत फक्त आभाळ आहे. कधी निरभ्र, कधी भरलेले, कधी वादळी. दिवस मोजण्याची ती पद्धत आहे. आई तिथे आल्या की त्यांना घाई करू नका आणि काय दिसते ते विचारूही नका. त्या आपणहून बोलू लागल्या तर मला कळवा, कारण त्या पानाविषयी माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचे मत मी अजून ऐकलेले नाही.